फायलीत न मावलेला सेनापती

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे, मुंबईत सेनापती बापट मार्ग आहे. रोज हजारो माणसे या रस्त्यांवरून कामाला जातात, सिग्नलला खोळंबतात, रिक्षावाल्याला हे नाव सांगतात. पण हे सेनापती नेमके कोणत्या सैन्याचे, असे कोणी विचारले तर पुष्कळांची पंचाईत होते. कोणी त्यांना पेशवाईत नेऊन बसवतो, कोणी स्वातंत्र्याच्या लढ्यातले एक नाव म्हणून हात झटकतो. हा माणूस आमच्या जिल्ह्यातला, पारनेरचा. जिल्ह्याचे नाव तेव्हा अहमदनगर होते, आता अहिल्यानगर झाले आहे. पांडुरंग महादेव बापट यांच्या हाताखाली कधी फौज नव्हती. त्यांचे सैन्य म्हणजे मुळशी पेट्यातले अर्धपोटी मावळे शेतकरी, आणि सेनापती ही पदवीही त्या लढ्यातलीच.

मात्र लोकांनी ही पदवी देण्याच्या बारा-तेरा वर्षे आधी त्यांच्या नावाची नोंद दुसऱ्याच एका दफ्तरात झाली होती. ते दफ्तर पोलिसांचे. लंडन, पॅरिस, कलकत्ता, नाशिक, इंदूर अशा ठिकाणांना जोडणाऱ्या त्या कागदांत बापटांची ओळख एका ओळीची होती: बाँब करायला शिकलेला इसम. ही ओळख खोटी नव्हती. पण ती पुरी होती का, हा प्रश्न आहे. आज आपली नावे, अंगठे, फोटो आणि फोन नंबर एका देशातून दुसऱ्या देशात क्षणात जातात. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ क्रांतिकारकांचा राहिलेला नाही, तो तुमच्या-आमच्या घरातला झाला आहे. म्हणून या जुन्या चरित्राकडे एकदा त्या बाजूने पाहू.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा. घराणे मूळचे कोकणातले, पण पारनेरला स्थायिक झालेले. घरची स्थिती बेताची, मुलगा मात्र विलक्षण हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असताना, तलवारीवर हात ठेवून देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ त्यांनी घेतली होती. त्या वयात अशा शपथा पुष्कळ जण घेतात आणि नोकरी लागली की विसरतात. बापट विसरले नाहीत, एवढाच फरक.

१९०४ साली मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबर्गला गेले. शिकायचे होते यंत्रविद्येचे, हेरियट-वॅट कॉलेजात. कोरडवाहू पारनेर तालुक्यातला मुलगा स्कॉटलंडच्या थंडीत जाऊन इंजिनियर होणार, ही त्या काळी केवढी अपूर्वाई! पण तिथे हिंदुस्थानातील इंग्रजी राज्यावर त्यांनी परखड भाषण केले आणि त्यापायी शिष्यवृत्ती गमावली. परक्या देशात, पैशांविना, पदवीविना माणूस उरला. लंडनला श्यामजी कृष्णवर्मांचे इंडिया हाऊस होते. १९०६ साली विनायक दामोदर सावरकर तिथे राहायला आले. बापट त्या वर्तुळात ओढले गेले आणि तिथून १९०७ च्या सुमारास पॅरिसला गेले. बरोबर बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास हे दोघे होते.

पॅरिसच का, हे समजून घेण्यासारखे आहे. झारच्या जुलमाला कंटाळून पळालेले रशियन क्रांतिकारक तेव्हा पॅरिसमध्ये डेरा टाकून होते. बाँबची विद्या त्यांच्यापाशी होती. पण त्यांच्या मागावर झारचे गुप्त पोलीसही तिथे होतेच. ओखराना नावाच्या या खात्याने १८८३ सालापासून पॅरिसच्या रशियन वकिलातीत आपली कचेरी थाटली होती, आणि फ्रेंच पोलीस त्याकडे काणाडोळा करीत, पुष्कळदा हातभारही लावीत. एका राष्ट्राचे पोलीस दुसऱ्या राष्ट्राच्या राजधानीत बसून आपल्याच पळालेल्या प्रजाजनांची टिपणे काढतात आणि यजमान राष्ट्र त्यांना बसू देते, असा तो प्रकार. ना करार, ना कायदा, ना कोर्ट. अशा वस्तीत तीन हिंदी तरुण विद्या शिकायला शिरले होते.

एका रशियन क्रांतिकारकाकडून त्यांनी बाँबची कृती शिकून घेतली. रशियन भाषेतल्या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर करवले आणि त्याच्या चक्रमुद्रित प्रती काढल्या. १९०८ साली बापट मायदेशी परतले. हेमचंद्रही कलकत्त्याला पोहोचले होते.

मग घटना भराभर घडत गेल्या. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब पडला. मारायचे होते एका न्यायाधीशाला, पण बळी गेल्या दोन निरपराध इंग्रज स्त्रिया. दोनच दिवसांनी कलकत्त्यातल्या माणिकतळा बागेवर पोलिसांनी छापा घातला. तिथे बाँबच्या पुस्तिकेची प्रत सापडली. पुढच्या वर्षी नाशिकला सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांच्या घरझडतीत तीच पुस्तिका, अधिक सविस्तर प्रत, मिळाली. कलकत्त्याच्या पोलिसांचा कागद आणि नाशिकच्या पोलिसांचा कागद शेजारी ठेवल्यावर दोन्हींचे मूळ एक असल्याचे दिसले आणि धागा थेट पॅरिसला जाऊन पोहोचला. पोलिसी काम म्हणून पाहिले तर हे उत्तमच काम होते, हे मान्य केले पाहिजे. बाँब ही काही खेळण्यातली वस्तू नव्हे. कोणत्याही राज्याच्या पोलिसांनी तिचा माग काढलाच असता.

अलीपूर खटल्यात एक आरोपी माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने बापटांचे नाव सांगितले. त्या क्षणापासून बापट फरारी झाले. पुढे त्या साक्षीदाराला ऑगस्ट १९०८ मध्ये तुरुंगातच गोळ्या घालण्यात आल्या, त्यामुळे त्याची उलटतपासणी कधी झालीच नाही. साक्षीदार गेला, पण त्याने घेतलेले नाव मात्र कागदावर राहिले. नोंदींचा हा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. नोंद करणारा, नोंद करवणारा, दोघेही जातात. नोंद आपल्या जागी बसून असते.

त्या काळी हिंदुस्थानातील पोलिसांची ही यंत्रणा जगात मागासलेली होती असे समजू नये. उलट काही बाबतींत ती इंग्लंडच्या पुढे होती. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची कचेरी सर्वांत आधी निघाली ती १८९७ साली कलकत्त्यात. ठशांच्या वर्गीकरणाची किचकट पद्धत बसवली ती अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी. नाव मात्र झाले त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे, आणि १९०१ साली तेच साहेब ही विद्या घेऊन लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले. १९०४ साली हिंदुस्थान सरकारने ठगी आणि दरोडे यांचे जुने खाते मोडून केंद्रीय गुन्हे-गुप्तवार्ता खाते उभे केले. पूर्वी ठगांच्या वंशावळी लिहिणारे दफ्तर आता वकील, मास्तर, संपादक आणि विद्यार्थी यांची टिपणे लिहू लागले. १९०९ साली लंडनमध्ये कर्झन वायली यांचा खून झाल्यानंतर या खात्याने आपली माणसे युरोपातही नेमली. मुंबई इलाख्यातले वॉलिंजर नावाचे पोलीस अधिकारी लंडनला राहून पॅरिसपर्यंतच्या हिंदी तरुणांवर नजर ठेवू लागले.

दोन देशांच्या पोलिसांनी परस्पर हात मिळवले तर काय होते, याचा सर्वांत गाजलेला दाखला त्याच टोळीतला आणि मराठी माणसाचाच आहे. १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना लंडनला पकडले आणि मोरिया बोटीने हिंदुस्थानकडे रवाना केले. बोट मार्सेलिसला लागण्यापूर्वीच लंडन पोलिसांनी पॅरिसच्या वरिष्ठांना पत्र लिहून बंदोबस्ताची विनंती केली होती. ८ जुलैला सावरकरांनी बोटीच्या खिडकीतून उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि फ्रेंच भूमीवर धाव घेतली. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि इंग्रज पहारेकऱ्यांसह तसेच बोटीवर पोहोचते केले. परक्या भूमीवर आश्रय मागणाऱ्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करायचे असते, हे त्या शिपायाच्या गावीही नव्हते. त्याला वरून एवढेच कळले होते की इंग्रज पोलिसांना मदत करायची आहे.

प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवाद न्यायालयात गेले. पाच पंच बसले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी त्यांनी निवाडा दिला: ताब्यात देण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून कैदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. पोलिसांनी पोलिसांना सद्भावनेने केलेली मदत पंचांना पुरेशी वाटली. ज्या माणसाच्या अंगावर ही मदत कोसळली, त्याला त्या दरबारात उभे राहण्याची जागाच नव्हती. वाद फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातला होता. सावरकर हा त्या वादातला एक जिन्नस होता. निवाडा लागेपर्यंत त्यांना दोन जन्मठेपा ठोठावूनही झाल्या होत्या.

बापट या काळात देशभर दडून फिरत होते. १९१२ साली इंदुरात ते सापडले. त्यानंतर काही काळ अटकेत काढून १९१५ पर्यंत ते मोकळे झाले.

इथे थोडे विषयांतर करतो. माझी उमेद बँकेत गेली. बँकेत रुजू होताना आमच्याकडून एका कागदावर सही घेत. निष्ठा आणि गुप्तता यांची ती शपथ. ग्राहकाच्या खात्यात किती आहे, कर्ज किती थकले आहे, हे बायकोलाही सांगायचे नाही, असा तिचा साधा अर्थ. खेड्यातल्या शाखेत ही शपथ पाळणे म्हणजे तारेवरची कसरत, कारण चावडीवर बसणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याचे खाते पाहायचे असते. तिथे दुसरीही एक गोष्ट शिकायला मिळाली. एकाच गावात, एकाच आडनावाचे, एकाच नावाचे तीन-तीन खातेदार असत, आणि वडिलांची नावेही कधी कधी तीच. मग नमुन्याची सही ताडून पाहायची, सही नसेल तर अंगठा, आणि अंगठ्यावर साक्ष. एवढे करूनही शंका राहिली तर खातेदाराला समोर बोलावून विचारायचे. त्याला विचारणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय होता.

आमच्या गावालाही हा नामसाधर्म्याचा जाच आहे. आमच्या देवळालीला प्रवरा जोडल्याशिवाय भागत नाही, नाहीतर ऐकणाऱ्याचे मन थेट नाशिकजवळच्या लष्करी देवळालीत जाते. राहुरी तालुक्यातले हे ऊस-कांद्याचे गाव कुठे आणि तोफखान्याची ती देवळाली कुठे! गावांचे हे असे, तर माणसांचे काय? स्पेलिंगमधले एक अक्षर इकडचे तिकडे झाले की भलत्याच माणसाला विमानतळावर अडवून ठेवता येते. बँकेत आम्ही खातेदाराला बोलावून विचारत होतो. पोलिसांच्या दफ्तरात ज्याचे नाव आहे, त्याला आपले नाव तिथे आहे हे माहीतही नसते. मग तो चूक दाखवणार कशी?

बापटांच्या बाबतीत नाव चुकले नव्हते. माणूस बदलत होता, आणि दफ्तर बदलत नव्हते. पारनेरला परतल्यावर या विलायतेहून आलेल्या बाँबवाल्याने काय करावे? हातात झाडू घेतला. गावातले रस्ते झाडले, शौचकूप साफ केले. १९१४ साली मुलगा झाला तेव्हा बारशाच्या जेवणाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसवली. त्या काळच्या पारनेरात, त्या जातीच्या घरात हे करणे बाँब करण्यापेक्षा सोपे नव्हते. पुढे पुण्याला येऊन त्यांनी चित्रमय जगत आणि मराठा या पत्रांत काम केले, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाला हातभार लावला. पहाटे उठून गल्ली झाडण्याचा क्रम त्यांनी शहरातही सोडला नाही. अंदमानातल्या राजबंद्यांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी मुंबईत लोकजागृतीची मोहीम चालवली. गुप्त कटातला माणूस भर चौकात उभा राहून बोलू लागला होता.

योगायोग असा की याच सुमारास, १९२० साली, कैद्यांच्या ओळखीसंबंधीचा कायदा झाला. पकडलेल्या माणसाची मापे, ठसे आणि छायाचित्र घेण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. त्यात एक चांगली तरतूदही होती: आरोपी निर्दोष सुटला तर घेतलेली मापे नष्ट करायची. परक्या सरकारच्या कायद्यातही हा विवेक होता, हे मुद्दाम नमूद करतो.

१९२१ साली मुळशीचा लढा पेटला. मुळा आणि निळा यांच्या संगमावर टाटा कंपनीचे वीजधरण होणार होते आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि बापट हे पुढारी. आमच्यासारख्या प्रवराकाठच्या माणसाने या लढ्याविषयी लिहिताना थोडे सांभाळून लिहावे. त्याच दशकात, १९२६ साली, भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. त्या पाण्यावर आमची शेते हिरवी झाली, साखर कारखाने उभे राहिले, आमची मुले शिकली. धरण म्हणजे शाप, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? पण एकाच्या शेतात पाणी येते तेव्हा दुसऱ्याचे शेत पाण्यात जाते, हे मुळशीने शिकवले, आणि जाणाऱ्याला निदान विचारले तरी पाहिजे हा बापटांचा आग्रह होता. धरणग्रस्तांचा म्हणता येईल असा या देशातला तो पहिल्या काही लढ्यांपैकी एक.

या लढ्यात बापटांनी स्वतःचा एक मार्ग काढला. त्याला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. माणसाच्या जिवाला धक्का लावायचा नाही, पण अन्यायाच्या कामात उघडपणे अडथळा आणायचा, आणि केल्यावर पळायचे नाही. गांधीजींना मालमत्तेची मोडतोड पटणारी नव्हती, तिथे दोघांचे जमले नाही. डिसेंबर १९२४ मध्ये धरणाच्या कामावरची आगगाडी बापटांनी अडवली आणि ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. शिक्षा झाली सात वर्षांची.

हा बदल केवढा मोठा आहे पाहा. १९०८ साली जो माणूस नाव लपवून चार वर्षे रानोमाळ हिंडला, तोच १९२४ साली स्वतःहून आपले नाव सांगत होता. आता त्याच्याविषयी टिपून ठेवावे असे गुपित काही उरलेच नव्हते. पोलिसांना जे हवे ते तो चारचौघांत बोलत होता. धरण मात्र झाले. मुळशीची गावे बुडाली, आणि सेनापती ही पदवी एका हरलेल्या लढ्यातून मागे राहिली.

बापट मुळशीत लढत होते तेव्हा तिकडे युरोपात पोलिसांच्या सहकार्याला रीतसर घर मिळत होते. १९१४ साली मोनाको येथे २४ देशांचे पोलीस आणि कायदेपंडित जमले होते, पण महायुद्धाने तो बेत मोडला. १९२३ साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय गुन्हे-पोलीस आयोग स्थापन झाला. आजच्या इंटरपोलचे हे मूळ. सुरुवातीचे मोठे काम होते खोट्या नोटा पकडण्याचे. मी नोटा मोजण्यात आयुष्य घालवलेला माणूस, मला त्या कामाचे मोल कोणी सांगायला नको. खोटी नोट सरहद्द मानत नाही, तेव्हा तिचा पाठलाग करणाऱ्यालाही सरहद्दीपाशी थांबून चालत नाही.

पण पुढची कथा ऐकण्यासारखी आहे. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नातली ही कचेरी, तिच्या पत्त्यांच्या कपाटांसह, नाझींच्या हाती गेली. १९४२ साली ती बर्लिनला हलवली. हायड्रिख आणि काल्टेनब्रुनर असली माणसे तिच्या अध्यक्षपदी बसली. नोटा छापणाऱ्या लफंग्यांसाठी गोळा केलेली माहिती कोणाच्या हाती पडली, पाहा! ज्यांनी ती विश्वासाने दिली त्या देशांना ती परत मागता येईना. १९४६ साली ब्रुसेल्समध्ये संस्था नव्याने उभी राहिली, १९४९ साली भारत तिचा सभासद झाला, १९५६ साली तिला इंटरपोल हे नाव मिळाले. त्यानंतरच्या घटनेत तिसरे कलम आहे: राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात संस्थेने पडायचे नाही. हे कलम म्हणजे व्हिएन्नाच्या त्या कपाटांपासून घेतलेला धडा होय. बापटांच्या किंवा सावरकरांच्या वेळी हे कलम असते तर फ्रेंच शिपायाला निदान थांबून विचार करावा लागला असता.

बापटांचे पुढचे आयुष्य म्हणजे तुरुंग आणि रस्ता यांच्यातल्या येरझाऱ्याच. १९३१ साली ते सुटले, थोड्याच दिवसांत भाषणाबद्दल पुन्हा आत गेले आणि १९३७ साली बाहेर आले. हैदराबाद संस्थानातल्या लढ्यात उतरले. सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकची महाराष्ट्रातली धुरा त्यांनी घेतली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात स्वतंत्र भारताचा तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. तेव्हा वय होते ६६. कोणीही म्हटले असते, आता घरी बसावे.

ते बसले नाहीत. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे यांच्याबरोबर ते गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींना मारझोड केली. पंचाहत्तरीला टेकलेला हा म्हातारा त्यांच्यापुढे उभा होता. लंडनचे पोलीस, कलकत्त्याचे पोलीस, पुण्याचे पोलीस आणि आता पोर्तुगालचे पोलीस! इतक्या सरकारांच्या पोलिसांशी गाठ पडलेला दुसरा मराठी माणूस शोधावा लागेल. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होतेच. या सगळ्या धामधुमीत त्यांनी अरविंद घोषांच्या ग्रंथाचा दिव्य जीवन या नावाने मराठी अनुवाद केला. हे अरविंदबाबू म्हणजे अलीपूर खटल्यातलेच एक आरोपी. १९०८ साली पोलिसांच्या एकाच कटात ज्यांची नावे आली, त्यांतला एक पाँडिचेरीला योगी झाला आणि दुसरा झाडू हाती घेऊन गल्लीबोळांत उतरला. दफ्तरातली ओळ मात्र दोघांचीही तिथेच थांबलेली.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. पोलिसांनी एकमेकांना मदत करूच नये, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. तुमच्या आळीतल्या एखाद्या पेन्शनरला फोन येतो, पडद्यावर गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे आणि तुम्ही डिजिटल अटकेत आहात अशी धमकी मिळते, आणि जन्मभराची पुंजी तासाभरात नाहीशी होते. फोन करणारा पुष्कळदा कंबोडियात नाहीतर म्यानमारमध्ये बसलेला असतो. कधी तोही नोकरीच्या आमिषाने फसवून नेलेला आपल्याच देशातला पोरगा असतो. २०२५ साली असे शेकडो तरुण भारताने म्यानमार-थायलंडच्या सीमेवरून परत आणले. देशादेशांच्या पोलिसांनी हात मिळवले नाहीत तर हे चोर कधी सापडायचे नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत सीबीआयने भारतपोल ही व्यवस्था सुरू केली. राज्यांच्या पोलिसांना आता इंटरपोलकडे आपली विनंती तिच्यामार्फत लवकर पोहोचवता येते. अशा फोनला बळी पडलेल्याने १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हेही जाता जाता सांगतो. कायद्यात डिजिटल अटक नावाची कोणतीच गोष्ट नाही.

पण त्या चोराला आपला नंबर, वय, बँकेचे नाव कळले कुठून? कोणीतरी गोळा केलेल्या, आणि नीट न सांभाळलेल्या माहितीतून. चोर पकडण्यासाठी माहिती वाटावी लागते आणि चोर होऊ नयेत म्हणून ती जपावी लागते. दोन्ही कामे एकाच हाताने करायची आहेत. इंटरपोलने यासाठी एक स्वतंत्र समिती ठेवली आहे. १९८२ पासून संस्थेच्या नोंदींवर देखरेखीची व्यवस्था सुरू झाली. आज जगातला कोणीही माणूस, एक पैसाही न देता, या समितीला विचारू शकतो की माझ्याविषयी तुमच्याकडे काय आहे, आणि चुकीचे असेल तर ते काढा. रेड नोटीस म्हणजे अटकेचे वॉरंट नव्हे, तिच्यावर काय करायचे ते प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. तरीही काही राजवटी आपल्या टीकाकारांच्या मागे ही नोटीस लावू पाहतात, आणि तेव्हा या समितीचा उपयोग होतो.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ साली वैयक्तिक माहिती-संरक्षणाचा कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले. बँका, दुकाने, दवाखाने यांना आता तुमची माहिती का घेतो, हे सांगावे लागणार आहे. मात्र गुन्ह्यांच्या तपासाला या कायद्यात मोठ्या सवलती आहेत आणि केंद्र सरकारने ठरवलेल्या खात्यांना तो लागूच होत नाही. तिकडे १९२० च्या त्या जुन्या कायद्याची जागा २०२२ साली नव्या कायद्याने घेतली. आता ठशांबरोबर डोळ्यांचीही नोंद होते आणि ती ७५ वर्षे राहते. निर्दोष सुटल्यास नोंद पुसण्याची तरतूद आजही आहे, फक्त कोर्टाने किंवा मॅजिस्ट्रेटने लेखी कारण देऊन ती ठेवायला सांगितले नाही तर. तपासासाठी सवलत हवी, हे मान्य. पण इंटरपोल जो प्रश्न विचारू देते, तो आपल्याच देशात आपल्याच पोलिसांना विचारण्याची तितकीच सोपी वाट असू नये, हे मनाला पटत नाही.

७५ वर्षांचा हिशेब बापटांना लावून पाहा. १९०८ ची नोंद १९८३ पर्यंत टिकली असती. त्या अवधीत हा माणूस फरारी होता, कैदी होता, झाडूवाला होता, संपादक होता, शेतकऱ्यांचा सेनापती होता, झेंडा फडकवणारा वडीलधारा होता, गोव्यात मार खाणारा म्हातारा होता, अनुवादक होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९७७ साली टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. ज्या चेहऱ्याच्या शोधात एका सरकारचे पोलीस चार वर्षे गावोगाव हिंडले, तोच चेहरा दुसऱ्या सरकारने पाकिटांवर चिकटवून घरोघर पोहोचवला. सरकारच्या एका खात्याचा त्यांच्याविषयीचा समज दुरुस्त व्हायला एवढी वर्षे लागली. आज ज्याचे नाव चुकून कुठल्या यादीत पडेल, तो साधा माणूस इतकी वर्षे थांबू शकणार नाही, आणि त्याच्या नावाने टपालतिकीटही निघणार नाही. त्याला विचारण्यासाठी एक खिडकी तरी उघडी पाहिजे.